कुमुदमावशींनी पिना मारलेली पानं

कुमुदमावशी बेल वाजवत नाहीत. कडी दोनदा वाजवतात आणि दार उघडायच्या आत दाराशीच बोलायला लागतात. "हे बघा सफूराभाभी, आज दोनच आणलीत, पण दोन्ही चांगली आहेत. म्हणजे एक चांगलं आहे, एक जाड आहे." दादी ओट्यापासून दारापर्यंत येईस्तोवर निम्मं बोलणं आत येऊन खुर्चीवर बसलेलं असतं.

पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांचा वार मंगळवार. सोमवार लाइन आळीचा, गुरुवार तलावापलीकडच्या सोसायट्यांचा. दोन खांद्यांवर दोन कापडी पिशव्या. उजवीत द्यायची पुस्तकं, डावीत परत आलेली. त्यामुळे सकाळी त्या उजवीकडे झुकलेल्या दिसतात आणि दुपारी डावीकडे. लाइन आळीतल्या त्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत चार कपाटं आहेत, तेच वाचनालय. कामोठ्याला राहायला गेलेली माणसंही रिक्षा करून त्यांच्याकडे पुस्तक बदलायला येतात. "तिकडे जिन्याजिन्यात ट्यूशन क्लास आहे हो कुमुदताई, पण वाचायला काही नाही."

माझी दादी सफूरा त्यांची सगळ्यात जुनी वाचक. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकली, मग लग्न झालं. माझे आजोबा, खलीलदादा, बावीस वर्षं कुवेतला क्रेन चालवत होते, तेव्हा दादीची सोबत म्हणजे मावशींची पुस्तकं. दादा परत आले आणि दोनच वर्षांत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आता काही हवं असलं की ते डाव्या हातातला स्टीलचा चमचा पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजवतात. टिंग, टिंग. दोनदा म्हणजे पाणी. अब्बा दुबईला, अम्मी दिवसभर शाळेत शिकवायला, मी माझ्या शाळेत. दुपारी दादी आणि तो चमचा.

आता पिनांबद्दल.

कुमुदमावशी प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचतात. वाचताना जो प्रसंग त्यांना सोसवायचा नाही, त्याची सगळी पानं एकत्र धरून त्या स्टेपलरनं बंद करून टाकायच्या. नुसतं दुःख असेल तर एक पिन. मारझोड, जाळपोळ, मूल दगावणं, याला दोन. तीन पिना क्वचित. आणि वर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: 'पुढची सहा पानं नाही वाचली तरी गोष्ट कळते. – कु.'

गोष्ट अजिबात कळायची नाही. सहा पानांपूर्वी ज्या घरात लग्नाचे लाडू वळणं चालू असायचं, तिथे सहा पानांनंतर माणसं खाली मान घालून बसलेली. मध्ये काय झालं ते लेखकाला ठाऊक आणि कुमुदमावशींना.

याला कारण होतं. वाचनालयाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका गरोदर बाईला एक कादंबरी दिली. तिच्यात एक विहिरीचा प्रसंग होता. बाईला चार दिवस जेवण गेलं नाही. मग तिची सासू पुस्तक परत द्यायला आली. कशी, ते मावशींनीच मला सांगितलं: "चिमट्यात धरून, अल्फिया! उकळतं पातेलं उतरवावं तसं! आणि म्हणते कशी, 'असलं विष घरोघर वाटत फिरता होय?' त्या दिवशी ठरवलं. वाचणाऱ्याला त्रास झाला तर जबाबदारी माझी. असो." मावशींचं 'असो' आलं की विषय संपला, पुढे प्रश्न विचारायचा नाही.

पण त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट अख्ख्या पनवेलला माहीत होती. पिना मारलेली पानं सगळे आधी वाचायचे.

पुस्तक घरी आलं की पहिली पिन शोधायची. मागच्या बाजूनं तिचे पाय नखानं सरळ करायचे, अलगद उपसायची, वाचून झालं की त्याच दोन भोकांत परत बसवायची आणि चमच्याच्या पाठीनं दाबायची. आमच्या घरात हे खातं माझ्याकडे. लाइन आळीतल्या निवृत्त शिक्षिका वसुंधराबाई भुवया कोरायचा चिमटा वापरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मावशी परत आलेल्या पुस्तकातल्या पिनांवरून अंगठा फिरवायच्या आणि समाधानानं म्हणायच्या, "बघ, माणसं किती समजूतदार असतात."

दोन हजार बाराच्या पावसाळ्यात पनवेलमधूनच निघणाऱ्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी त्यांच्याकडे लेख मागितला. अंक कसला, सोनार आणि बिल्डर यांच्या जाहिरातींच्या मध्ये मध्ये साहित्य. 'वाचनालयाच्या गमतीजमती' असं काहीतरी हलकंफुलकं त्यांना हवं होतं. मावशींनी गोष्ट लिहून दिली. आयुष्यात पहिलीच. नाव 'सातवं प्रकरण'.

मी तेव्हा दहावीत. मावशींचे यजमान अविनाशकाका रसायनीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मला बीजगणित शिकवायचे. वाचनालयाच्याच खोलीत, कपाटांच्या मधल्या टेबलावर. त्यामुळे अंक छापून आला त्या दिवशी मी तिथेच होते. काकांनी चष्मा चढवून गोष्ट वाचली. मग अंक मिटला. मग परत उघडून शेवटचं पान वाचलं.

"माझ्या आईवर आहे का?"

"गोष्ट आहे."

"गोष्ट कुणावर तरी असते, कुमुद."

"सासूवर आहे. सासू सगळ्यांनाच असते."

"मला नाही," काका म्हणाले. मी वहीत एक्सचा वर्ग काढून त्यावर पुन्हा पुन्हा गिरवत बसले.

काकांच्या आई गंगाबाई. सहा वर्षं अंथरुणावर होत्या, दोन हजार नऊ साली गेल्या. त्यांचं सगळं कुमुदमावशींनी केलं, हे लाइन आळीत कुणालाही विचारा. "सून असावी तर अशी" हे वाक्य मी किमान चार आवाजांत ऐकलंय.

"अंक घरोघर जाणार," काका म्हणाले. "पिना मार."

"माझ्याच गोष्टीला?"

"दुसऱ्यांच्या गोष्टींना पंधरा वर्षं मारल्यास ना? त्या लेखकांना विचारलं होतंस?"

मावशींनी टेबलाच्या खणातून स्टेपलर काढला, आपल्या गोष्टीची पाच पानं एकत्र धरली आणि दाबला. एक. दोन. तिसऱ्या वेळी स्टेपलर रिकामा निघाला, म्हणून आत नवी पट्टी घातली आणि मग तिसरी. चिठ्ठी मात्र लिहिली नाही. पेन्सिल हातात धरली, ठेवून दिली.

"इतर कुणी नाही वाचली तरी चालेल," काका आत गेल्यावर त्या मला म्हणाल्या. "पण तुझ्या दादीनं वाचावी असं वाटतं. आणि वाचू नये असंही वाटतं. सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात किती वेळा येऊन बसली ती. वेणी घालून द्यायची त्यांची. ईदला शीरकुर्मा चमच्यानं भरवायची. तिनंच जर उद्या दार लावून घेतलं ना, तर पुस्तकं वाटत फिरण्यात काही अर्थ नाही. मग मी बंदच करीन हे." पुढे 'असो' येईल म्हणून मी वाट बघत राहिले. आलं नाही.

दिवाळी अंक आले की तीनेक महिने पुस्तकं बाजूला राहतात आणि अंक फिरतात. तीन दिवसांत परत द्यायचा, पुढचं घर ताटकळलेलं असतं. हा अंक आधी लाइन आळीत फिरला, मग सोसायट्यांत. प्रत्येक घरातून तिन्ही पिना जागच्या जागी परत. मावशी अंगठा फिरवून बघायच्या. "नाही उघडलं कुणी," म्हणायच्या. आवाजात अर्धं हायसं आणि अर्धी निराशा. ही दुसरी अर्धी थोडी मोठी होती.

इकडे सगळं गाव वाचून मोकळं झालं होतं. वसुंधराबाईंनी पुस्तकं बंद केली. मावशींना कारण सांगितलं डोळ्यांचं. मावशींनी बिचाऱ्यांनी त्यांना कुठले थेंब घालायचे ते कागदावर लिहून दिलं.

मग एका मंगळवारी अंक आमच्याकडे आला. पिना मी काढल्या, पण आधी वाचली दादीनं. दुपारची, जोहरची नमाज झाल्यावर खिडकीशी बसून वाचली. नंतर मी.

गोष्टीत काही घडत नाही. एक सून, एक अंथरुणाला खिळलेली सासू, एक दुपार. सून कादंबरी वाचत बसलीय, सातवं प्रकरण. 'तिनं पहिली हाक मारली तेव्हा मी एकशे चार पानावर होते,' असं गोष्टीचं पहिलं वाक्य आहे. सासू पाणी मागते. सुनेला ऐकू येतं. ती पान उलटते. सासू परत मागते. भिंतीवरचं घड्याळ दिसतंय. सून प्रकरण पुरं करते. वीस मिनिटं. मग उठून पाणी देते. कुणी मरत नाही. म्हातारी पाणी पिते, सुनेच्या हातावरून हात फिरवते आणि म्हणते, "तू आहेस म्हणून निभावतंय गं." संपली गोष्ट.

मी आजवर पिनांखालचे तीन खून आणि एक फाशी वाचलेली होती, वर पोहे खात. ही गोष्ट वाचून मात्र मी उठले आणि उगाचच दादांना पाणी विचारून आले. त्यांना नको होतं.

दादीनं अंक घेतला आणि औषधांच्या कपाटावर ठेवून दिला. तिन्ही पिना एका बशीत. मी परत लावायला गेले तर म्हणाली, "असू दे."

तीन दिवसांचा अंक तीन आठवडे तिथे राहिला. दादी त्याबद्दल बोलेना. पुढच्या मंगळवारी मावशी आल्या. "झाला का वाचून, सफूराभाभी?" दादी दारातूनच म्हणाली, "नाही अजून." त्याच्या पुढच्या मंगळवारी तेच. आत ये म्हणाली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मावशी आमच्याकडून चहा न घेता गेल्या. दोन्ही खांद्यांवर पिशव्या भरलेल्या असून मावशी कुठल्याच बाजूला झुकलेल्या नव्हत्या.

मधल्या काळात एकदा, मला सुट्टी होती तेव्हा, वसुंधराबाई दादांना बघायला आल्या. त्या अजून शुद्धलेखन घातल्यासारखं बोलतात, आपण लिहून घ्यावं म्हणून प्रत्येक शब्दानंतर थांबतात. "सफूराताई. मी. तुम्हाला. स्पष्टच. सांगते. गंगाबाईंना. तिनं. तहानलेलं. ठेवलं. स्वतः. छापलंय. तुमच्याही. घरात. आजारी. माणूस. आहे. त्या. बाईला. उंबरा. ओलांडू. देऊ. नका."

त्याच वेळी दारात गुणाबाई मासळीची पाटी उतरवून बसल्या होत्या. त्या उरणकडून येतात. स्वतः वाचत नाहीत, पण त्यांची सून मोनाली सोसायट्यांत कामाला जाते, तिथे तिनं ऐकलं आणि घरी जाऊन सांगितलं. म्हणजे गोष्ट खाडीपर्यंत पोचली होती. गुणाबाईंनी बोंबलांवरचा हात न काढता विचारलं, "पानी उशिरा दिला, त्याची गोष्ट छापली व्हय? मंग माजी तं दा पुस्तकां होतील!"

"तुम्ही. मध्ये. बोलू. नका," वसुंधराबाई म्हणाल्या.

"आमी कुटं बोलतो? आमी मावरा इकतो." मग दादीकडे बघून हळूच, "पर ती बाय खोटी नाय. खोटी असती तं सासू मेली त्याची रडारड लिवली असती."

दादीनं वसुंधराबाईंना चहा दिला, गुणाबाईंकडून बोंबील घेतले. तेवढ्यात आत चमचा वाजला. टिंग, टिंग. दादी पाटीपाशी उभी होती ती तशीच उभी राहिली. मग वसुंधराबाईंकडे पाहिलं आणि इतक्या भरभर आत गेली की ओढणी दाराच्या कडीला अडकली.

त्या आठवड्यात अविनाशकाकांनी मला समीकरण घातलं आणि स्वतःच ते बघत बसले. मावशी सोसायट्यांत गेल्या होत्या.

"तू वाचलीस?" त्यांनी विचारलं.

मी पिनांचं गुपित फोडावं की नाही याचा विचार करत होते, पण त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. "सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षांत एकाही दुपारी मी घरी नव्हतो. रविवारी असायचो, पण झोपलेला." मग चष्मा पुसला. "चल. उदाहरण चौथं. घाई करू नकोस."

चौथ्या मंगळवारी, म्हणजे नाताळच्या सुट्टीत, कडी दोनदा वाजली. पण बाहेरून बोलणं आलं नाही. मी दार उघडलं. मावशी पिशव्या खाली ठेवून उभ्या होत्या, दोन्ही पिशव्या. "भाभींना सांग, अंक तेवढा दे. पुढच्या घरी द्यायचाय. मी आत येत नाही."

"आत ये, कुमुद," आतून दादी म्हणाली.

मावशी आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या. दादीनं कपाटावरून अंक काढला आणि बशीही. तिन्ही पिना त्यांच्यासमोर ठेवल्या, बिस्किटं ठेवावीत तशा.

मावशी बशीकडे बघत राहिल्या. "तुम्ही उघडलंत?"

"सगळेच उघडतात."

"सगळे म्हणजे?"

"कुमुद, पंधरा वर्षं झाली. तू पिना मारतेस म्हणून तर कळतं कुठून वाचायला घ्यायचं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी नखं लपवली.

"म्हणजे वसुंधराताईंचे डोळे..."

"डोळे ठणठणीत आहेत तिचे."

मावशींचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला. घरोघर मारलेल्या त्यांच्या सगळ्या फेऱ्या जणू एकदम त्यांच्या पायांत आल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, मी लोकांना सांभाळते."

"तुझं तुलाच वाटायचं," दादी म्हणाली. पण प्रेमानं म्हणाली. मग खुर्ची जवळ ओढली. "एक विचारते. खरं सांग. खरं आहे ते?"

"पुस्तक खरं आहे. सातवं प्रकरण खरं आहे." मावशी एकेक शब्द तपासून देत होत्या. "सासूबाई शेवटी जे म्हणाल्या तेही खरं. वीस मिनिटं मात्र मी घातलेली आहेत. घड्याळ गोष्टीत टाकलं. त्या दिवशी मी घड्याळाकडे बघितलंच नव्हतं, भाभी. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. लिहायला बसले तेव्हा काहीतरी आकडा लिहावा लागला. कमीत कमी जेवढा लिहवला तेवढा लिहिला."

बाहेर कुणाची तरी रिक्षा वळत होती, तिचा आवाज जाईपर्यंत दोघी थांबल्या.

"मी बघितलं होतं," दादी म्हणाली. "घड्याळ. ऑक्टोबरातली गोष्ट. चमचा वाजत होता आणि मी ओट्यापाशी उभी होते, हातात काही काम नाही. पुस्तकही नाही. नुसती उभी. चाळीस मिनिटं." तिनं बशी थोडी सरकवली. "अल्लाह माफ करो, मला वाटत होतं की अशी दुनियेत मी एकटीच. मग तुझी गोष्ट आली. पहिले दोन आठवडे तुझा इतका राग आला, कुमुद. वाटलं, हिला कुणी सांगितलं? माझ्या घरात कुठून बघितलं हिनं? तुझं तोंड बघवेना मला."

"आणि आता?"

दादी उठली, आत गेली. येताना ओढणी नीट घेऊन, चपला घालूनच आली. "तुला तासभर वेळ आहे?"

"आहे. का?"

"मग तू बस यांच्यापाशी. मी तलावावर एक फेरी मारून येते. झटका आल्यापासून एकटी बाहेर पडले नाही मी."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "मी? भाभी, मी बसू? तुम्ही वाचलंत ना सगळं?"

"वाचलं म्हणून तर तुला सांगते. बाकीच्यांचं मला कुठे काय माहीत आहे?" दारापर्यंत गेलेली दादी परत वळली. "आणि त्या अंकाला पुन्हा पिना मारू नकोस. पुढच्या घरात उगाच कुणाची नखं तुटायची."

दादी गेली. मावशी पलंगाशेजारी स्टुलावर बसल्या, पाठ ताठ, परीक्षेला बसल्यासारखी. दादा झोपले होते. थोड्या वेळानं मावशींनी पिशवीतून एक पुस्तक काढलं. मी पलीकडे भूमितीचं प्रमेय लिहीत होते, म्हणजे लिहीत नव्हते. त्या वाचायला लागल्या आणि हळूहळू पाठ सैल झाली. ओठ हलत होते. वाचनात शिरल्या की त्यांचे ओठ हलतात.

टिंग, टिंग.

मावशींनी मान वर केली. मी जागची हलले नाही. त्यांनी खूण ठेवायला कागद शोधला नाही, पान दुमडलं नाही, पुस्तक तसंच पालथं टाकलं आणि उठल्या. दादांच्या मानेखाली हात घातला. चमच्या-चमच्यानं पाणी दिलं, प्रत्येक चमच्याला थांबून, गिळलं का बघून. पाणी हनुवटीवर ओघळलं ते पदरानं टिपलं. दादांनी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. मावशी पुटपुटल्या, "खलीलभाई, तेवढं काही म्हणू नका हं. तेवढं नका म्हणू." दादांना तर बोलताच येत नाही. तरी त्या कान देऊन उभ्या होत्या.

दादी दीड तासानं आली. ओढणीत भाजलेल्या शेंगा, चपलांना माती, गाल लाल. "तलावात केवढी कमळं आहेत, अल्फिया! मला कुणी सांगितलंच नाही!" मावशी निघाल्या तेव्हा पुस्तक पालथंच पडलेलं होतं. कुठलं पान होतं ते त्यांनाही आठवेना. दोघी शेंगा सोलत ते शोधत बसल्या.

आता मी अकरावीत आहे. दादी दर मंगळवारी तासभर बाहेर असते. वसुंधराबाईंचे डोळे फेब्रुवारीत बरे झाले. मावशींनी सगळ्या पुस्तकांच्या पिना काढायचं काम अविनाशकाकांना दिलंय. ते रोज कपाटाचा एक कप्पा काढायला बसतात आणि पिना काढता काढता पानं वाचत बसतात, त्यामुळे अजून पहिल्याच कपाटात आहेत.

चिठ्ठ्या मात्र आहेत. परवा आलेल्या पुस्तकात एकशे एकोणपन्नास पानावर होती: 'इथे मी पुस्तक ठेवून गॅलरीत जाऊन आले. – कु.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, अगदी शुद्ध, पूर्णविरामासकट: 'मीसुद्धा.'